इंग्रजीच्या तासाचे अलंकार आणि शब्द: कोणत्या क्रमाने शिकावेत

दहावी-बारावीच्या इंग्रजीच्या वह्या तपासताना एक चूक इतक्या वेळा समोर येते की तिचे मूळ विद्यार्थ्याच्या बुद्धीपेक्षा शिकण्याच्या क्रमात आहे, अशी माझी आता खात्री झाली आहे. ‘आय लाइक द रेन’ असे वाक्य दिले की चार-पाच जण तरी त्यात सिमिली (उपमा) असल्याचे लिहितात. सिमिलीच्या व्याख्येत ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ हे शब्द येतात एवढे त्यांनी पाठ केलेले असते, आणि समोर ‘लाइक’ दिसताच लेखणी थांबत नाही. येथे ‘लाइक’ म्हणजे आवडणे आहे आणि वाक्यात तुलना मुळीच नाही, हे पाहायला त्यांना उसंतच मिळालेली नसते.

आधी संज्ञेचे नाव, मग व्याख्या आणि सर्वांत शेवटी कवितेची ओळ, असा उलटा प्रवास बहुतेक जण करतात. पुढील टप्प्यांत हा क्रम फिरवला आहे. विवेचन महाराष्ट्र राज्य मंडळाच्या कुमारभारती व युवकभारती या पुस्तकांना धरून केले असले, तरी इतर मंडळांच्या विद्यार्थ्यांनाही त्यातील बहुतेक भाग लागू पडेल.

पूर्वतयारी

पाठ्यपुस्तकातील कवितांची पाने ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून, भोवती रुंद समास सोडून छापून घ्यावीत, कारण पुढचे निम्मे काम ओळींच्या कडेला पेन्सिलीने होणार आहे. जवळ एक लर्नर्स डिक्शनरी असावी. खिशात मावणारा इंग्रजी-मराठी कोश केवळ प्रतिशब्द देतो. लर्नर्स डिक्शनरी सोप्या इंग्रजीत अर्थ, नमुन्याची वाक्ये आणि उच्चार देते, म्हणून ती आधी आणि मराठी कोश नंतर उघडावा. दोनशे पानी वही घ्यावी आणि पत्त्यांच्या आकाराची शंभरेक कार्डे कापून ठेवावीत. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू या कामासाठी उत्तम. कागद जाड असतो आणि मागचा मजकूर आरपार दिसत नाही.

त्यानंतर संज्ञांची यादी करावी. बाजारातील मार्गदर्शकांत चाळीस-चाळीस अलंकारांच्या याद्या असतात, त्या घेऊ नयेत. स्वतःच्या पुस्तकातील प्रत्येक कवितेखालचे प्रश्न वाचून त्यांत प्रत्यक्ष विचारलेल्या संज्ञा तेवढ्या उतराव्यात. साधारणपणे सिमिली, मेटाफर (रूपक), पर्सॉनिफिकेशन, ॲपॉस्ट्रॉफी, अलिटरेशन, ओनोमॅटोपिया (आवाजाची नक्कल करणारा शब्द), रिपिटिशन, हायपरबोली, अँटिथिसिस, पॅराडॉक्स, आयरनी (बोललेल्याच्या उलट अर्थ), इन्व्हर्जन, ट्रान्सफर्ड एपिथेट, मेटोनिमी, सिनेक्डकी आणि क्लायमॅक्स एवढ्यांत ही यादी संपते. रोज अर्धा तास दिल्यास सहा आठवडे पुरतात.

*सावधान:* सहावा टप्पा येईपर्यंत तयार उत्तरांचे पुस्तक उघडू नये. एकदा उत्तर डोळ्यांखालून गेले की ओळ स्वतः वाचण्याची इच्छाच उरत नाही.

टप्पा १: अन्वय लावणे

जुन्या मराठी कविता शिकवताना शिक्षक प्रथम अन्वय लावून घेत असत, म्हणजे कवितेतील शब्द गद्याच्या क्रमाने मांडून घेत. इंग्रजी कवितेलाही नेमके हेच करावे. ‘डाउन द लेन केम द ओल्ड मॅन’ अशी ओळ असेल तर वहीत ‘द ओल्ड मॅन केम डाउन द लेन’ असे लिहावे आणि खाली तिचा साधा मराठी अर्थ लिहावा. अलंकाराचा विचार या वेळी मुद्दाम दूर ठेवावा.

या कामाचा एक फायदा लगेच मिळतो. ज्या ओळीचा अन्वय लावावा लागला, म्हणजे जिचा शब्दक्रम बदलावा लागला, त्या ओळीत इन्व्हर्जन आहे. प्रश्नार्थक वाक्यात क्रियापद आधी येते, ते मात्र इन्व्हर्जन धरू नये. तो व्याकरणाचा नेहमीचा नियम आहे, कवीची निवड नव्हे.

*तपासून पाहा:* पुस्तक मिटून कडव्याचा अर्थ घरातील इंग्रजी न जाणणाऱ्या माणसाला मराठीत सांगता येतो का? अडखळल्यास पुढे जाऊ नये. जेथे अडखळलात तो शब्द किंवा तो अन्वय कच्चा आहे.

टप्पा २: अडलेले शब्द

अडलेल्या शब्दाखाली रेघ मारून आधी संदर्भावरून अंदाज बांधावा, तो पेन्सिलीने कडेला लिहावा आणि मगच कोश पाहावा. चुकलेला अंदाजही उपयोगी असतो, कारण जेथे स्वतःचा अंदाज चुकला तो शब्द सहसा विसरत नाही.

कोशातील पहिला अर्थ उचलणे ही येथील सर्वांत मोठी चूक आहे. ‘बार्क’ म्हणजे भुंकणे हे सर्वांना ठाऊक असते. पण झाडाच्या वर्णनात तोच शब्द साल या अर्थी येतो, आणि मग एखादा विद्यार्थी वडाचे झाड भुंकत असल्याचे लिहून तेथे पर्सॉनिफिकेशनही शोधून काढतो. (हे मी पाहिले आहे.) ‘ग्रेव्ह’ म्हणजे थडगे आणि गंभीरही; ‘लीव्ह्स’ म्हणजे पाने आणि सोडून जातो हेही. म्हणून शब्द नाम आहे, विशेषण आहे की क्रियापद, हे ओळीवरून ठरवून कोशातील त्याच भागातला अर्थ घ्यावा.

नंतर त्या शब्दाचे कार्ड करावे. पुढच्या बाजूला शब्द आणि मागे मराठी अर्थ, अशी कार्डे करण्याची पद्धत रूढ असली तरी ती मला अपुरी वाटते, कारण तिच्यातून शब्द ओळखता येतो पण वापरता येत नाही. पुढच्या बाजूला कवितेतीलच वाक्य लिहून शब्दाच्या जागी रिकामी रेघ सोडावी. मागच्या बाजूला शब्द, त्याची जात, त्याच कुळातील दोन-तीन शब्द आणि स्वतः रचलेले एक वाक्य असावे. ‘होप’ असेल तर ‘होपफुल’, ‘होपलेस’, ‘होपफुली’ हे त्याच कार्डावर येतात आणि एका कष्टात चार शब्द पदरी पडतात.

समानार्थी शब्द लिहिताना मराठी प्रतिशब्दावर फार विसंबू नये. ‘सॉलिट्यूड’ आणि ‘लोनलीनेस’ या दोहोंपुढे वह्यांत ‘एकटेपणा’ लिहिलेले असते. वास्तविक पहिला एकांत आहे, जो माणूस आवडीने शोधतो, आणि दुसरा एकाकीपणा आहे, जो त्याला सोसावा लागतो. कवितेचा सूर ओळखण्याचा प्रश्न पुष्कळदा अशाच एका शब्दावर अवलंबून असतो. विरुद्धार्थी शब्दांतही फसगत होते. ‘फेमस’ला ‘इन’ जोडून होणाऱ्या ‘इनफेमस’चा अर्थ अप्रसिद्ध होत नाही, कुप्रसिद्ध होतो, आणि ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे कवडीमोल नव्हे, अमोल.

कोणता शब्द कोणाच्या सोबतीने येतो हेही कार्डावर टिपावे. मराठीत चहा कडक असतो, इंग्रजीत तो ‘स्ट्राँग’ असतो. मराठीत पाऊस मोठा असतो, इंग्रजीत तो ‘हेवी’ असतो.

*सावधान:* एका दिवशी पाचांहून अधिक नवे शब्द घेऊ नयेत. रविवारी बसून चाळीस कार्डे करणाऱ्यांची कार्डे सुबक असतात, पण पुढच्या रविवारी त्यांतील निम्म्या शब्दांचे अर्थ पुन्हा विचारावे लागतात.

टप्पा ३: कानाने वाचणे

आता कविता मोठ्याने वाचावी. अलिटरेशन, ऱ्हाइम स्कीम आणि ओनोमॅटोपिया ही तिन्ही कानाची कामे आहेत आणि डोळ्यांनी केल्यास ती हमखास चुकतात.

अलिटरेशन म्हणजे जवळजवळच्या शब्दांच्या सुरुवातीला तोच व्यंजनध्वनी येणे. येथे ध्वनी पाहायचा, अक्षर नाही. ‘सिटी’ आणि ‘कॅट’ दोन्ही सी या अक्षराने सुरू होतात, पण त्यांत अलिटरेशन नाही. ‘नी’ म्हणजे गुडघा आणि ‘नाइट’ म्हणजे रात्र यांत ते आहे, कारण पहिल्या शब्दातील के मुका आहे. ‘फोन’ आणि ‘फायर’ यांचेही तसेच.

मराठी कानासाठी एक खास सापळा आहे. इंग्रजीतील व्ही आणि डब्ल्यू हे दोन वेगळे ध्वनी आपण बोलताना जवळपास एकच करतो, आणि देवनागरीत लिहिताना गोंधळ वाढतो, कारण ‘व्हॅली’ आणि ‘व्हाइट’ दोन्ही आपण ‘व्ह’ने लिहितो. प्रत्यक्षात ‘व्हॅली’त वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, तर ‘व्हाइट’, ‘विंड’ आणि ‘वाइल्ड’ यांत ओठांचा नुसता चंबू होतो. त्यामुळे ‘वाइल्ड विंड इन द व्हॅली’ या शब्दांत अलिटरेशन पहिल्या दोघांचे. तिसरा शब्द त्यांत ओढू नये. ‘वन’ म्हणजे एक हा शब्द ओ अक्षराने सुरू होत असला तरी ध्वनीने तो ‘विंड’च्या पंक्तीत बसतो. इंग्रजी शब्दांचे उच्चार देवनागरीत टिपण्याची सवय एरवी सोयीची असली, तरी या एका कामासाठी ती सोडावी.

ऱ्हाइम स्कीम काढताना प्रत्येक ओळीच्या शेवटच्या शब्दाखाली रेघ मारावी, तेवढेच शब्द ओळीने मोठ्याने म्हणावेत आणि जुळणाऱ्यांना सारखी अक्षरे द्यावीत: ए, बी, ए, बी. ‘लव्ह’ आणि ‘मूव्ह’ लिहिताना सारखे दिसतात, पण जुळत नाहीत. ‘कम’ आणि ‘होम’ यांचेही तेच. उलट ‘ब्लू’ आणि ‘थ्रू’ यांची स्पेलिंगे एकमेकांशी काही संबंध नसल्यासारखी असूनही ते पूर्ण जुळतात.

*तपासून पाहा:* तोच शब्द पुन्हा आल्यास ते रिपिटिशन होते, अलिटरेशन नव्हे. ‘रेन, रेन, रेन’ या शब्दांत प्रत्येक वेळी आर येतो म्हणून अलिटरेशन लिहिणाऱ्यांची संख्या कमी नाही.

टप्पा ४: मराठी अलंकारांचा पूल, आणि त्यातील मोडक्या फळ्या

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याजवळ एक मोठी ठेव असते, जिचा उपयोग इंग्रजीच्या तासाला क्वचितच केला जातो. उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती, अतिशयोक्ती आणि श्लेष हे अलंकार त्याने मराठीच्या व्याकरणात शिकलेले असतात. ही ओळख निर्धास्त वापरावी: चेतनगुणोक्ती म्हणजे पर्सॉनिफिकेशन, अतिशयोक्ती म्हणजे हायपरबोली, श्लेष म्हणजे पन, आणि चढत्या क्रमाने उत्कर्ष साधणारा सार अलंकार म्हणजे क्लायमॅक्स. वहीत संज्ञेशेजारी मराठी नाव आणि एक मराठी उदाहरण लिहिले, तर व्याख्या पाठ करण्याची गरज बरीच कमी होते.

मात्र काही जोड्या नुसत्या वरून सारख्या दिसतात. अनुप्रासात एखाद्या अक्षराची पुनरावृत्ती शब्दात कोठेही चालते. अलिटरेशनमध्ये ती शब्दाच्या सुरुवातीला लागते. यमक चरणाच्या मध्येही येऊ शकते; ऱ्हाइम स्कीममध्ये केवळ ओळीचा शेवट मोजला जातो, म्हणून तिला अंत्ययमकाची मांडणी म्हणणे अधिक योग्य.

उत्प्रेक्षेची अडचण सर्वांत मोठी आहे. ‘जणू’, ‘गमे’, ‘भासे’ या शब्दांनी ओळखता येणाऱ्या या अलंकाराला इंग्रजीत स्वतंत्र घर नाही. शालेय पातळीवर ‘ॲज इफ’ किंवा ‘ॲज दो’ असल्यास ती रचना सिमिलीत जाते, आणि तुलनेचा शब्दच नसेल तर मेटाफरमध्ये. अपन्हुती, अनन्वय व दृष्टान्त यांना इंग्रजी जोडीदार शोधत बसू नये. त्या शोधात गेलेला वेळ मी स्वतः वाया घालवलेला आहे.

उलट दिशेने, ट्रान्सफर्ड एपिथेट, मेटोनिमी आणि सिनेक्डकी यांना शालेय मराठी व्याकरणात स्वतंत्र नाव मिळत नाही, म्हणून त्यांना वेळ जास्त द्यावा लागतो.

टप्पा ५: नाव, उच्चार आणि जवळच्या जोड्या

आता नाव शिकावे. सिमिलीचा उच्चार तीन अवयवांचा, सि-मि-ली असा आहे, ‘सिमाइल’ नाही. हायपरबोलीत चार अवयव आहेत. ‘हायपरबोल’ हा उच्चार तोंडी परीक्षेत लगेच पकडला जातो. ओनोमॅटोपियाच्या स्पेलिंगमध्ये शेवटी ओ, ई, आय, ए असे चार स्वर सलग येतात, एवढे लक्षात ठेवले की ते चुकत नाही. ‘ऱ्हिदम’च्या स्पेलिंगमध्ये ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही अक्षर नाही.

ॲपॉस्ट्रॉफी या एकाच नावाची दोन माणसे आहेत: एक अक्षराच्या डोक्यावरचे विरामचिन्ह, दुसरा कवितेतील अलंकार, ज्यात कवी समोर नसलेल्या व्यक्तीला, निर्जीव वस्तूला किंवा अमूर्त कल्पनेला थेट हाक मारतो.

संज्ञा एकेकट्या न शिकता चुकणाऱ्या जोड्यांनी शिकाव्यात. प्रत्येक जोडीसाठी एक ओळखीचा प्रश्न पुरतो.

सिमिली आणि साधी तुलना: तुलना केलेल्या वस्तू मुळात भिन्न जातीच्या आहेत का? ‘शी इज ॲज टॉल ॲज हर ब्रदर’ यात माणसाची माणसाशी उंची मोजली आहे, म्हणून ती सिमिली नाही. तिला ताडाच्या झाडाएवढी म्हटले असते तर सिमिली झाली असती.

मेटाफर आणि पर्सॉनिफिकेशन: वस्तूला दुसरी वस्तू म्हटले आहे, की माणसाची कृती किंवा भावना दिली आहे?

अँटिथिसिस आणि पॅराडॉक्स: ‘मॅन प्रपोजेस, गॉड डिस्पोजेस’ या म्हणीत दोन विरोधी कल्पना समोरासमोर उभ्या आहेत आणि दोन्ही सहज पटतात, ते अँटिथिसिस. ‘मोर हेस्ट, लेस स्पीड’ वाचताना प्रथम हे कसे शक्य आहे असे वाटते आणि विचारांती पटते, तो पॅराडॉक्स.

मेटोनिमी आणि सिनेक्डकी: ‘द पेन इज माइटियर दॅन द सोर्ड’ यात लेखणी लेखनासाठी आणि तलवार युद्धासाठी आली आहे, म्हणजे निगडित वस्तू मूळ गोष्टीच्या जागी बसली आहे, ती मेटोनिमी. जहाजावर ‘ऑल हँड्स’ असे पुकारतात तेव्हा हात हा खलाशाचा अवयव खलाशासाठी येतो, म्हणजे भाग संपूर्णासाठी; ती सिनेक्डकी.

ट्रान्सफर्ड एपिथेट ओळखायला विशेषणाला ‘हे खरोखर कोणाचे?’ असे विचारावे. ‘अ स्लीपलेस नाइट’ यात झोप रात्रीची उडालेली नसते, माणसाची उडालेली असते.

टप्पा ६: कारण लिहिणे

नाव बरोबर असूनही गुण जातात ते येथे. उत्तरात तीन गोष्टी हव्यात: संज्ञेचे नाव, ओळीतील नेमके शब्द, आणि त्या शब्दांत काय घडले आहे याचे त्या ओळीपुरते स्पष्टीकरण. बहुतेक वह्यांत तिसऱ्याच्या जागी व्याख्या असते. समजा ओळ आहे: ‘द टायर्ड सन लेड हिज हेड ऑन द हिल’. ‘निर्जीव वस्तूला मानवी गुण दिले आहेत’ एवढे लिहिणे कोणत्याही कवितेला चालेल, म्हणून ते अपुरे आहे. सूर्याला थकवा येतो आणि तो डोंगरावर डोके टेकतो, असे माणसाचे वागणे त्याला दिले आहे, हे लिहिले पाहिजे. इंग्रजीत ते असे होईल: ‘द सन इज शोन ॲज अ टायर्ड मॅन हू लेज हिज हेड ऑन द हिल.’

रसग्रहणाचा प्रश्न असेल तर आणखी एक वाक्य जोडावे: त्यामुळे वाचकाला काय जाणवते? येथे संध्याकाळ दिवसभराच्या कष्टानंतरच्या विसाव्यासारखी वाटते. ‘कवितेचे सौंदर्य वाढते’ हे वाक्य मी वर्षानुवर्षे लाल रेघेखाली पाहत आलो आहे. त्यातून काहीच कळत नाही.

आता तयार उत्तरांचे पुस्तक उघडावे आणि आपले उत्तर पडताळावे. फरक असल्यास पुस्तकच बरोबर असे गृहीत धरू नये. एका ओळीत दोन अलंकार असू शकतात, आणि शब्दांचा आधार देता आल्यास तुमचेही उत्तर ग्राह्य धरले जाण्यास हरकत नसते.

टप्पा ७: नाटक-कादंबरीच्या संज्ञा

अकरावीच्या युवकभारतीत चौथा विभाग नाटकाचा आणि बारावीच्या पुस्तकात तो कादंबरीचा आहे. प्लॉट, सेटिंग, कॅरेक्टर, थीम या संज्ञांना कथानक, स्थळकाळ, पात्र, आशयसूत्र हे मराठी शब्द नीट बसतात, म्हणून त्या लवकर उरकता येतात. चूक होते ती थीमपाशी: तेथे कथेचा सारांश लिहिला जातो. थीम सांगताना पात्राचे नाव न घेता एक पूर्ण वाक्य लिहावे, म्हणजे सारांशाकडे घसरता येत नाही.

स्वगत हा मराठी शब्दही सांभाळून वापरावा. रंगमंचावर एकटे असलेले पात्र मनातले मोठ्याने बोलते ते सॉलिलक्वी. इतर पात्रे हजर असताना त्यांना ऐकू न जाता प्रेक्षकांसाठी बोललेले एखादे वाक्य म्हणजे असाइड. आपण दोहोंना स्वगतच म्हणतो.

टप्पा ८: उजळणी आणि अनोळखी ओळ

तीन रिकामे मिठाईचे खोके घ्यावेत. नवे कार्ड पहिल्या खोक्यात जाते आणि रोज रात्री पाहिले जाते. उत्तर न पाहता बरोबर आल्यास ते दुसऱ्या खोक्यात सरकते, जो तीन दिवसांनी उघडायचा. तेथेही जमल्यास तिसऱ्यात, जो आठवड्याने उघडायचा. कोठेही चुकल्यास कार्ड पहिल्या खोक्यात परत येते. संज्ञांची कार्डेही याच खोक्यांत शब्दांबरोबर मिसळून टाकावीत. त्यांच्या पुढच्या बाजूला केवळ ओळ असावी. नाव मागच्या बाजूला.

चौथ्या आठवड्यापासून पाठ्यपुस्तकात नसलेली एक छोटी इंग्रजी कविता दर आठवड्याला घ्यावी आणि पहिल्या टप्प्यापासून सहाव्यापर्यंत तिच्यावर काम करावे. घड्याळ लावायचे असेल तर शेवटच्या दोन आठवड्यांतच लावावे. सुरुवातीला एका कवितेला पाऊण तास लागतो आणि त्यात वावगे काही नाही.

परीक्षेत नाव आठवेनासे झाले तर जागा कोरी सोडू नये. ओळीतील शब्द आणि त्यांत काय घडले आहे ते आधी लिहून काढावे. लिहिता लिहिता नाव पुष्कळदा आपोआप येते. उत्तरपत्रिका देण्यापूर्वी सिमिलीच्या स्पेलिंगकडे एकदा पाहावे. एसनंतरचा आय घाईत गळला की त्या जागी ‘स्माइल’ उरते.